भट्टीतला चुना आणि चंचुपात्र: घन आम्लारी उत्प्रेरक वापरायला शिकताना

"मॅडम, काल चाललेली रिअ‍ॅक्शन आज कामून चालंना?"

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टच्या दिवसांत, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, हा प्रश्न मला हमखास ऐकू येतो. बाटली तीच असते, वजन तेच, तापमानही तेच. मी एवढंच विचारते, "कॅटॅलिस्ट भट्टीतून कधी काढलास?" उत्तर येतं, "मागच्या सोमवारी." निम्मं निदान तिथंच होतं.

लातूर, नांदेड, परभणी, बीडकडच्या महाविद्यालयांत जे विद्यार्थी पहिल्यांदाच 'सॉलिड बेस' म्हणजे घन आम्लारी उत्प्रेरकांवर काम करणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तुमच्याकडे मफल फर्नेस, ओव्हन, टीएलसीच्या (रिअ‍ॅक्शन कुठवर आली ते ठिपक्यांवरून दाखवणाऱ्या) पट्ट्या आणि बरा तराजू आहे, एवढंच मी धरून चालते. बाकीची यंत्रं विद्यापीठात जाऊन, नंबर लावून वापरायची असतात, हे मला ठाऊक आहे.

आधी ओळख

घरात कुणी तरी तंबाखूला चुना लावताना तुम्ही पाहिलं असेल. तळहातावर अंगठ्याने मळताना चुना तंबाखूतल्या निकोटिनच्या क्षारातून प्रोटॉन काढून घेतो. निकोटीन मोकळं होतं आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने शोषलं जातं. सवय वाईटच, पण रसायनशास्त्र चोख आहे. आम्लारीचं काम एवढंच: समोरच्या रेणूचा एक प्रोटॉन उचलायचा.

सेंद्रिय रसायनशास्त्रात हे काम आपण एरवी कॉस्टिक सोडा, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, पिपेरिडीन किंवा ट्रायइथाइल अमाइनकडून करून घेतो. कार्बनवरचा प्रोटॉन निघाला की तिथे ऋणभार येतो आणि तो कार्बन अल्डिहाइडच्या कार्बोनिल गटावर चाल करून जातो. आल्डॉल, क्लेझन-श्मिट, नॉएव्हनागेल, मायकेल या सगळ्या रिअ‍ॅक्शनची सुरुवात तिथून होते. अडचण येते रिअ‍ॅक्शन संपल्यावर. विरघळलेला आम्लारी बाहेर काढायचा तर आम्ल टाका, पाण्याने तीनदा धुवा, थर वेगळे करा, मिठाचं पाणी बेसिनमध्ये ओता. घन उत्प्रेरक असेल तर गाळणकागदावर राहतो आणि गाळलेल्या द्रावणात माल मिळतो.

आपल्या भागात याला आणखी एक बाजू आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात ज्यांनी प्रयोगशाळा चालवल्या, त्यांना 'तीनदा पाण्याने धुवा' या वाक्याची किंमत माहीत आहे. नळाला दाब नसला की गाळताना हवा खेचणारा नळावरचा अ‍ॅस्पिरेटर चालत नाही आणि बुखनर फनेल नुसतं शोभेला राहतं.

प्रोटॉन उचलण्याची ताकद घन पदार्थात कुठे असते, हे एकदा नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे नियम त्यातूनच येतात. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या स्फटिकात आतल्या प्रत्येक ऑक्साइड आयनाभोवती सहा मॅग्नेशियम आयन असतात. पृष्ठभागावर आला की पाच, कडेवर चार, कोपऱ्यावर तीन. जुन्या गढीची भिंत आठवा. मधला दगड चहूबाजूंनी चेपलेला असतो, तर बुरुजाच्या टोकाचा दगड मोकळा. शेजारी जितके कमी, तितका तो ऑक्साइड आयन प्रोटॉनला जास्त हपापलेला. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प यांनाही नेमक्या याच जागा आवडतात. सगळ्यात बलवान कोपरे सगळ्यात आधी भरतात. म्हणून उघडा राहिलेला उत्प्रेरक वजनाने जवळपास तेवढाच दिसतो, पण त्याचा मोहरा गेलेला असतो.

कोणता निवडायचा

नवख्या माणसाने तीनांतून निवडावं. पहिला कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे कळीचा चुना. स्वस्त, ताकदवान, पण नाजूक. दुसरा भाजलेला हायड्रोटॅल्साइट, म्हणजे मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियमचं थराथराचं हायड्रॉक्सी-कार्बोनेट भट्टीत तापवून मिळणारं मिश्र ऑक्साइड. मूळ खनिज १८४२ च्या सुमारास सापडलं, पण प्रयोगशाळेत ते सहज बनतं. तिसरा अ‍ॅल्युमिनावर बसवलेला पोटॅशियम फ्लोराइड, जो आंडो आणि यामावाकी या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये पुढे आणला.

याहून दांडगे आहेतच. पाइन्स आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये अ‍ॅल्युमिनावर सोडियम धातू पसरवून अल्कीनमधला दुहेरी बंध एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकवून दाखवला होता. असले 'सुपरबेस' हवेत उघडताच धोक्याचे ठरतात. महाविद्यालयाच्या टेबलावर त्यांचं काम नाही.

माझं मत विचाराल तर पहिला प्रोजेक्ट हायड्रोटॅल्साइटवर करा. चुना पोरांना सोपा वाटतो, पण सगळ्यात जास्त फसवणारा तोच आहे.

चुना भाजायचा कसा

अंड्याच्या टरफलात ९० टक्क्यांहून जास्त कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणून टरफलापासून सुरुवात करायला हरकत नाही. भुर्जीच्या गाड्यावर सांगून ठेवलं तर दोन दिवसांत पिशवीभर मिळतात. गरम पाण्यात भिजवून आतला पातळ पापुद्रा सोलून काढा, नाहीतर भट्टीतून येणारा जळक्या पिसांचा वास अख्ख्या विभागात फिरतो. ११० अंश सेल्सिअसला वाळवा, खलबत्त्यात कुटा, चाळून घ्या.

मुशीत पातळ थर पसरा. ढीग केला तर मधला भाग कच्चा राहतो. ९०० अंशांपर्यंत हळूहळू चढवा आणि तिथे तीन-चार तास ठेवा. १०० ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटमधून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ५६ ग्रॅम ऑक्साइड उरतो. तुमचे १० ग्रॅम ५.६ च्या आसपास आले तर भट्टीने काम केलं, ७ ग्रॅम आले तर नाही केलं. दुसरी खूण: चिमूटभर भुकटी पाण्यात टाकून त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब सोडा. फसफसलं तर आत कार्बोनेट शिल्लक आहे. उलट, चांगला भाजावा म्हणून रात्रभर ९०० वर ठेवू नका. कण एकमेकांना चिकटून जाड होतात आणि पृष्ठभाग घटतो.

मधेच वीज गेली तर भट्टीचं दार उघडू नका. वीज आली की पुन्हा तापमान चढवा आणि तीन तास पहिल्यापासून मोजा. 'आधी दोन झाले होते, आता एकच' असा हिशोब चालत नाही.

आता खरी कसोटी, भट्टीतून बाहेर काढण्याची. भट्टी २०० अंशांच्या आसपास आली की मूस चिमट्याने उचलून थेट डेसिकेटरमध्ये. आणि डेसिकेटरमध्ये फक्त निळी सिलिका जेल असेल तर अर्धीच राखण होते, कारण सिलिका बाष्प अडवते, कार्बन डायऑक्साइड नाही. तळाशी सोडा लाइम ठेवा. गरम मूस ठेवल्यावर झाकण क्षणभर किंचित सरकवून आतली हवा निघू द्या, नाहीतर झाकण उडतं किंवा गार झाल्यावर इतकं चिकटतं की दोघांनी ओढावं लागतं.

विश्वास बसत नसेल तर एक साधा प्रयोग करा. घड्याळकाचेवर १ ग्रॅम ताजा कॅल्शियम ऑक्साइड टेबलावर उघडा ठेवा आणि रोज सकाळी वजन करा. सगळ्याचं हायड्रॉक्साइड झालं तर वजन १.३२ ग्रॅम होईल, सगळ्याचं पुन्हा कार्बोनेट झालं तर १.७८ ग्रॅम. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत आणि जुलैतल्या ओलसर हवेत हा आलेख किती वेगळा येतो ते बघा. आमच्याकडचे एक प्रयोगशाळा मदतनीस आधी गवंडीकाम करायचे. असा पडलेला चुना नुसता पाहूनच ते म्हणायचे, "विरला की हो." पानाला लावतो तो चुना म्हणजे हाच विरलेला. तो भट्टीत न भाजता 'कॅल्शियम ऑक्साइड' म्हणून वापरणारे महाभागही मी पाहिले आहेत.

डोळ्यांवर चष्मा हवाच. कळीचा चुना ओल्या डोळ्यात गेला तर उष्णता आणि अल्क दोन्हींचा मार बसतो. गेलाच तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा आणि तडक डॉक्टरांकडे जायचं.

हायड्रोटॅल्साइट: सावकाश, पण खात्रीचं

मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियमचं प्रमाण तीनास एक ठेवू. मॅग्नेशियम नायट्रेट हेक्झाहायड्रेट ७.६९ ग्रॅम आणि अ‍ॅल्युमिनियम नायट्रेट नोनाहायड्रेट ३.७५ ग्रॅम, दोन्ही मिळून ४० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात. दुसऱ्या चंचुपात्रात कॉस्टिक सोडा ३.२ ग्रॅम आणि निर्जल सोडियम कार्बोनेट १.०६ ग्रॅम, ५० मिलिलिटर पाण्यात. तिसऱ्या, मोठ्या चंचुपात्रात थोडं पाणी घेऊन ढवळत ठेवा आणि दोन्ही द्रावणं थेंबाथेंबाने एकाच वेळी सोडा. पीएच ९.५ ते १० दरम्यान राहिला पाहिजे. त्यासाठी सौम्य कॉस्टिकची एक छोटी बाटली हाताशी असू द्या. घाई केली तर दोन धातूंची हायड्रॉक्साइडं वेगवेगळी पडतात आणि थर जुळत नाहीत. मग ६५ अंशांवर रात्रभर ढवळत ठेवा.

धुण्यासाठी बोअरचं पाणी अजिबात वापरू नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतात. किटलीच्या तळाचा पांढरा थर हा त्याचा पुरावा. तुम्ही मोजून-मापून बनवलेल्या उत्प्रेरकावर तोच थर चढतो. डिस्टिल्ड पाणीच हवं, आणि गाळलेलं पाणी उदासीन येईपर्यंत धुवायचं. इथे आळस केला तर सोडियम आत राहतो. मग रिअ‍ॅक्शन सुंदर चालते, पण चालवतो तो उरलेला सोडा, आणि श्रेय मिळतं हायड्रोटॅल्साइटला. अ‍ॅस्पिरेटर बंद असेल तर सेंट्रिफ्यूज वापरा. पाणीही कमी लागतं.

१०० अंशांना रात्रभर वाळवल्यावर साधारण ३ ग्रॅम पांढरी भुकटी मिळायला हवी. ती ४५० अंशांवर चार-पाच तास भाजा. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून गेल्यावर वजन साधारण ४३ टक्क्यांनी घटतं, म्हणजे हातात पावणेदोन ग्रॅमच्या आसपास उरतं.

या पदार्थाची एक गंमत आहे. त्याला स्मरणशक्ती असते. भाजलेलं मिश्र ऑक्साइड पाण्यात टाकलं की थर पुन्हा उभे राहतात. कार्बन डायऑक्साइड दूर ठेवून, उकळून गार केलेल्या पाण्यात आणि नायट्रोजनखाली हे केलं तर थरांमध्ये कार्बोनेटऐवजी हायड्रॉक्साइड आयन बसतात आणि अ‍ॅसिटोनच्या आल्डॉलसारख्या रिअ‍ॅक्शनसाठी फार चांगला उत्प्रेरक मिळतो. उघड्या हवेत झालं तर पुन्हा मूळचं निवांत कार्बोनेट. म्हणजे पाणी प्रत्येक वेळी शत्रू नसतं, पण ते कुठे हवं आणि कुठे नको हे तुम्ही ठरवायचं, हवेने नाही.

पोटॅशियम फ्लोराइडबद्दल थोडक्यात. १० ग्रॅम पोटॅशियम फ्लोराइड पाण्यात विरघळवा, १५ ग्रॅम उदासीन अ‍ॅल्युमिना टाका, रोटाव्हेपरवर ६० अंशांखाली पाणी उडवा, मग १२० अंशांवर निर्वातात सुकवा. ४० टक्के भाराचा उत्प्रेरक तयार. तो विषारी आहे, काचेला खातो (प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा) आणि आम्लाशी त्याची गाठ कधीही पडू द्यायची नाही, कारण हायड्रोजन फ्लोराइड हा विनोदाचा विषय नाही.

ताकद जोखायची

यंत्र नसलं तरी हॅमेट सूचकांनी, म्हणजे ठरावीक ताकदीच्या आम्लारीपाशीच रंग बदलणाऱ्या द्रव्यांनी, अंदाज येतो. ताजी भाजलेली ५० मिलिग्रॅम भुकटी कोरड्या टोल्युइनमध्ये घ्या, सूचकाच्या पातळ द्रावणाचे थेंब टाका, बूच लावून हलवा आणि पावडरचा रंग पाहा. फिनॉल्फथॅलीन गुलाबी झालं तर पहिली पायरी पार, म्हणजे ताकद साधारण ९.३ च्या वर. (ते टोल्युइनमध्ये नीट विरघळत नाही, थोड्या इथेनॉलचा आधार द्यावा लागतो.) पुढे २,४-डायनायट्रोअ‍ॅनिलीन, ज्याचा आकडा १५. पिवळ्याचं जांभळट झालं तर उत्तीर्ण. त्यापुढे ४-नायट्रोअ‍ॅनिलीन, १८.४, पिवळ्याचं नारिंगी. २६ च्या वर गेलं तर त्याला सुपरबेस म्हणण्याची प्रथा आहे. चांगल्या भाजलेल्या कॅल्शियम ऑक्साइडने निदान १५ ची परीक्षा पास व्हावी. न झाल्यास पुन्हा भट्टी.

किती जागा आहेत हे कळायला त्याच रंगीत भुकटीवर बेन्झोइक आम्लाच्या टोल्युइनमधल्या द्रावणाने टायट्रेशन करतात. रंग जाईपर्यंत लागलेलं आम्ल म्हणजे त्या ताकदीच्या वरच्या जागांची संख्या. ही पद्धत खडबडीत आहे. शोधनिबंधात फक्त हिच्यावर दावे करू नका. त्यासाठी कार्बन डायऑक्साइड शोषवून तापवत मोजण्याची पद्धत आहे, तिच्याकरता विद्यापीठात जा.

पहिली रिअ‍ॅक्शन

नॉएव्हनागेल घ्या, आणि त्यातही इथाइल सायनोअ‍ॅसिटेट. कारण पायऱ्या पाहा. डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये मोजलेला पीकेए इथाइल सायनोअ‍ॅसिटेटचा १३ च्या आसपास, डायइथाइल मॅलोनेटचा १६ च्या आसपास, आणि अ‍ॅसिटोफिनोनचा जवळजवळ २५. पहिल्याचा प्रोटॉन सहज सुटतो, शेवटच्याचा हट्टी. तुमचा उत्प्रेरक पहिल्यावर धावतो, दुसऱ्यावर रांगतो आणि तिसऱ्यावर बसून राहतो, तर त्याची ताकद कुठवर आहे हे तुम्हाला यंत्राशिवाय कळलं. मात्र हे आकडे आणि वरचे हॅमेटचे आकडे एकाच पट्टीवर ठेवून वजाबाकी करत बसू नका. मोजण्याच्या परिस्थिती वेगळ्या आहेत.

बेन्झाल्डिहाइडची बाटली उघडण्याआधी तिच्या तोंडाशी पांढरे स्फटिक दिसतात का बघा. ते बेन्झोइक आम्ल. सौम्य सोडियम कार्बोनेटने धुऊन, वाळवून, ताजं ऊर्ध्वपातन केल्याशिवाय वापरू नका. हिशोब सांगते. १.०६ ग्रॅम बेन्झाल्डिहाइडमध्ये फक्त १ टक्का बेन्झोइक आम्ल असलं तरी ते ०.०८७ मिलिमोल होतं. तुमच्या ०.१ ग्रॅम उत्प्रेरकात, समजा, प्रति ग्रॅम अर्धा मिलिमोल जागा आहेत, म्हणजे एकूण ०.०५. आम्ल आधीच जास्त झालं. रिअ‍ॅक्शन सुरू होण्याआधीच खेळ खलास, आणि दोष जातो उत्प्रेरकाला.

तर १० मिलिमोलचं माप: बेन्झाल्डिहाइड १.०६ ग्रॅम, इथाइल सायनोअ‍ॅसिटेट १.१३ ग्रॅम, इथेनॉल १० मिलिलिटर, ताजा भाजलेला हायड्रोटॅल्साइट ०.१ ग्रॅम. सगळं आधी तयार ठेवा, उत्प्रेरक शेवटी तोला आणि लगेच टाका. तराजूपाशी गप्पा नकोत. ६० अंशांवर ढवळा आणि दर पंधरा मिनिटांनी टीएलसी. हेक्झेन-इथाइल अ‍ॅसिटेट आठास दोन घेऊन बघा, ठिपका वेगळा पडत नसेल तर प्रमाण बदला. संपल्यावर गरम असतानाच गाळा, भुकटी थोड्या कोमट इथेनॉलने धुवा, गाळलेलं द्रावण आटवून बर्फात ठेवा. शंभर टक्के झालं तर २.०१ ग्रॅम.

इथे मे महिन्यात हमखास रडारड होते. हा पदार्थ शुद्ध असताना ५० अंशांच्या आसपास वितळतो. थोडी अशुद्धी असली की त्याआधीच. बाहेर ४२ अंश, प्रयोगशाळेतला पंखा गरम हवा फेकतोय, आणि पोरगं चिकट तेल घेऊन येतं, "मॅडम, प्रॉडक्ट आलाच नाही." आलेला असतो. बर्फ-मिठाच्या मिश्रणात ठेवून काचेच्या कांडीने भांड्याची भिंत घासा. स्फटिक येतात. गाळायचं इथेनॉलही आधी बर्फात गार करून घ्या.

काम नक्की कुणी केलं?

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग हा, आणि प्रोजेक्टच्या वहीत सगळ्यात कमी पानं यालाच मिळतात.

पहिलं, कोरी रिअ‍ॅक्शन. उत्प्रेरकाशिवाय तेच सगळं, तेवढाच वेळ. आधारावर बसवलेला उत्प्रेरक असेल तर नुसत्या अ‍ॅल्युमिनासोबतही एकदा. दुसरं, गरम गाळणी. रिअ‍ॅक्शन साधारण ४० टक्क्यांवर आली की अर्धं मिश्रण गरम असतानाच बारीक गाळणीतून दुसऱ्या फ्लास्कमध्ये घ्या आणि दोन्ही त्याच तापमानावर पुढे चालवा. गाळलेल्या फ्लास्कमध्येही रिअ‍ॅक्शन पुढे सरकत असेल, तर तुमचा 'घन' उत्प्रेरक विरघळून काम करतोय. गार करून गाळलंत तर सुटलेले आयन परत भुकटीवर बसू शकतात आणि खोटा दिलासा मिळतो, म्हणून गरमच. पोटॅशियम फ्लोराइडच्या बाबतीत पाणी आणि मेथॅनॉल टाळा, मीठ सरळ धुऊन जातं.

आणखी एक स्वस्त चाचणी: चालू मिश्रणात कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडा. खरोखर आम्लारी जागांवर काम चालू असेल तर वेग कोसळला पाहिजे.

मग पुनर्वापर. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी मोठ्या अभिमानाने तक्ता नेला होता. पाच फेऱ्या, प्रत्येक वेळी ९२ ते ९४ टक्के. मार्गदर्शकांनी चष्म्यावरून पाहिलं. "किती वेळाने मोजलं?" सहा तासांनी. "आणि ताज्या उत्प्रेरकाने किती वेळात संपते?" चाळीस मिनिटांत. ते काही बोलले नाहीत, तक्ता परत दिला. नंतर वीस मिनिटांवर मोजलं तेव्हा तिसऱ्या फेरीतच निम्मा वेग गेलेला निघाला. बैल थकला तरी दिवसभरात एकरभर नांगरतोच. थकवा बघायचा तर पहिल्या तासात बघा. पुनर्वापराची तुलना नेहमी ३०-४० टक्के रूपांतरणावर करा. आणि फेऱ्यांच्या मधे नुसतं धुणं पुरत नाही. सेंद्रिय चिकटा जाळण्यासाठी आणि कार्बोनेट काढण्यासाठी पुन्हा भट्टी लागते.

तेलाचा प्रयोग

सोयाबीनच्या बाजारपेठेत राहून बायोडिझेलचा मोह होणारच. सोयाबीनचं किंवा करडईचं रिफाइंड तेल १०० ग्रॅम, मेथॅनॉल ५५ मिलिलिटर (साधारण बारास एक मोल), ताजा कॅल्शियम ऑक्साइड ३ ते ५ ग्रॅम. चुना आधी मेथॅनॉलमध्ये थोडा वेळ ढवळून घ्या, त्याच्या पृष्ठभागावर कॅल्शियम मेथॉक्साइड तयार होतं आणि सुरुवात लवकर होते. कंडेन्सर लावून ६० ते ६५ अंशांवर तीन तास जोरात ढवळा, मग स्थिर ठेवा. खाली ग्लिसरॉल आणि चुना, वर मिथाइल एस्टर. मेथॅनॉल विषारी आणि ज्वालाग्राही, त्यामुळे उघडी ज्योत नको. वॉटर बाथ आणि धूर खेचणारं कपाट हवं.

झालं की नाही, याची साधी परीक्षा: वरच्या थरातलं उरलेलं मेथॅनॉल उडवा आणि ३ मिलिलिटर एस्टर २७ मिलिलिटर मेथॅनॉलमध्ये टाकून हलवा. स्वच्छ विरघळलं तर ठीक, तळाला तेलाचा थेंब बसला तर अर्धवट. मेथॅनॉल २०-२५ अंशांचं असू द्या, दुपारच्या तापलेल्या खोलीतलं नको.

करंजीचं तेल आणि भज्यांच्या कढईतलं तेल मात्र थेट वापरू नका. त्यात मोकळी मेदाम्लं बरीच असतात. ती चुन्याशी मिळून कॅल्शियमचा साबण करतात आणि सगळा घोळ लोण्यासारखा होऊन बसतो. आधी पोटॅशियम हायड्रॉक्साइडने अ‍ॅसिड व्हॅल्यू काढा (एक ग्रॅम तेलातली आम्लं उदासीन करायला लागणारं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, मिलिग्रॅममध्ये). एक-दोनच्या वर असेल तर आधी आम्ल उत्प्रेरकाने त्या मेदाम्लांचं एस्टर करून मगच चुन्याकडे या.

आणि इथे प्रामाणिकपणाचा मुद्दा पुन्हा येतो. तयार झालेलं ग्लिसरॉल कॅल्शियमशी जोडलं जातं, थोडं कॅल्शियम मेथॅनॉल-ग्लिसरॉलमध्ये उतरतंही. त्यामुळे चुना 'पूर्ण घन' उत्प्रेरक आहे असं वहीत लिहिण्याआधी वरची गरम गाळणी इथेही करा. माझ्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी ती केली, त्यांच्या वह्या थोड्या कमी देखण्या झाल्या आणि तोंडी परीक्षा मात्र पुष्कळ सोपी गेली.

वापरून झालेला चुना बेसिनमध्ये ओतू नका. नळीत तो घट्ट बसतो आणि मग प्लंबर बोलवावा लागतो. त्याला प्लास्टिकचा वेगळा डबा करा. पोटॅशियम फ्लोराइडचं उरलेलं धुवण त्याच डब्यात, चुना जास्तीचा असताना ओता. फ्लोराइड कॅल्शियमला धरून अविद्राव्य कॅल्शियम फ्लोराइड म्हणून तळाशी बसतं. डब्यावर आत काय आहे आणि तारीख काय ते मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा, कारण सुट्टीत साफसफाई करणाऱ्या मावशींना तुमच्या फ्लास्कवरचे 'केएफ-७ बॅच २' असले संकेत कळत नसतात.